भाजी पुढे, पोळी मागे

लोअर परळच्या एका ऑफिसात मी आठवड्यातून तीन दिवस जाते. फ्रीलान्सर असले तरी लंच टेबलवरची माझी खुर्ची पर्मनंट आहे. दीड वाजला की डबे उघडतात, आणि मंडळी, एकदा जरा निरखून बघा या डब्यांकडे. मोठ्या डब्यात तीन किंवा चार पोळ्यांची घडी. वरच्या चपट्या डबीत भाजी. डबी केवढी? मोबाइलच्या चार्जरएवढी. त्यातही आठवड्यातले दोन दिवस बटाटा.

आपल्या भाषेतच बघा ना. भाजीला आपण 'तोंडी लावणं' म्हणतो. म्हणजे जेवण म्हणजे पोळी किंवा भात, आणि भाजी ही ती पोळी घशाखाली उतरावी म्हणून. 'आज तोंडी लावायला काय आहे?' असं विचारत आपण मोठे झालो. आणि मग सत्ताविसाव्या वर्षी जीन्सचं बटण लागेनासं झालं की आपण आधी काय करतो? पोळी सोडतो. चार दिवस. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीसमोर उभे असतो.

माझी गोष्ट जीन्सपासून सुरू झाली नाही, एका रिपोर्टपासून झाली. मेडिकल इन्शुरन्स काढायला गेले. त्यांनी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १०९. डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाल्या, 'शंभरच्या वर गेलीय, प्री-डायबेटिक रेंजमध्ये आहेस. घरी कुणाला आहे?' घरी बाबांना आहे. चौदा वर्षं झाली. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी इन्सुलिनचं पेन असतं आमच्याकडे. इतक्या वर्षांत त्या पेनकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवशी सातारच्या गाडीत बसून दुसरं काही डोळ्यांसमोर येईना.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. म्हणाल्या, पाच किलो उतरव, रोज चाल, आणि भाज्या वाढव. चालायचं म्हणजे काय ते कळतं. भाज्या वाढव म्हणजे किती?

आपल्याकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहारासाठी मार्गदर्शक सूचना काढतात. २०२४ च्या आवृत्तीत दिवसाला दोन हजार कॅलरीच्या ताटात भाज्या सांगितल्यात ४०० ग्रॅम. फळं शंभर ग्रॅम, ती वेगळी. मी घरी छोटा वजनकाटा आणला आणि एक आठवडा कुठलाही बदल न करता फक्त मोजलं. सोमवारी ११० ग्रॅम. बुधवारी ९० ग्रॅम. गुरुवारी बटाट्याची काचऱ्या-पोळी आणि रात्री पावभाजी, म्हणजे मनात मी फुल मार्क देऊन टाकले होते. पण जागतिक आरोग्य संघटना भाज्यांच्या हिशोबात बटाटा धरतच नाही. वड्यातला नाही, डोशातला नाही, काचऱ्यांमधलाही नाही. (हे ऐकून शेजारच्या डेस्कवरचा मित्र खरोखर दुखावला गेला.)

मग मी तेच केलं जे सगळे करतात. अतिरेक. पहिल्या आठवड्यात रात्री फक्त सॅलड. मोठ्ठा बाऊल, लेट्यूस, वरून बाटलीतलं क्रीमवालं ड्रेसिंग. रात्री अकराला भूक, साडेअकराला बिस्किटं. दुसऱ्या आठवड्यात दुधीचा रस. त्याबद्दल एकच सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. दुधी किसण्याआधी एक फोड चाखून बघा, कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो. त्याने माणसं दगावल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमून हा इशारा दिला होता. माझा दुधी कडू नव्हता, नुसताच बेचव होता. मी तो नाद सोडला.

शेवटी उपयोगी पडली ती कोशिंबीर.

कोशिंबीर आपण डावीकडे चमचाभर वाढतो, लोणच्याच्या शेजारी, शोभेला. मी ती वाटीभर करून आधी खायला लागले, पोळीला हात लावायच्या आधी. यामागे थोडं शास्त्रही आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या बार्बरा रोल्स यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४२ बायकांना जेवणाआधी सॅलड दिलं आणि मग हवा तेवढा पास्ता खाऊ दिला. कमी कॅलरीचं मोठं सॅलड आधी खाल्लं तर सॅलडसकट अख्ख्या जेवणातल्या कॅलरी साधारण १२ टक्क्यांनी घटल्या. गंमत पुढे आहे. सॅलडमध्ये चीज आणि तेलकट ड्रेसिंग भरपूर घातलं, तेव्हा उलटं झालं, कॅलरी वाढल्या. माझ्या पहिल्या आठवड्याचं कोडं इथे सुटलं.

काकडी, गाजर-मुळा, कोबी, पडवळ, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत. कोशिंबिरीला आपल्याकडे तोटा नाही. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम पंधरा कॅलरी असतात. पण दाण्याचं कूट मात्र मोजून, एक चमचा. कूट सढळ हाताने पडलं की कोशिंबिरीचा लाडू होतो. डब्यात न्यायची असेल तर मीठ कागदाच्या पुडीत वेगळं न्या आणि खाताना घाला. आधी घातलं तर दुपारपर्यंत पाणी सुटतं आणि ते पाणी तुमच्या लॅपटॉपच्या बॅगेत उतरतं. अनुभव आहे.

आता पोळीचं. पोळी सोडली नाही, तीनवरून दोनवर आले, दोन्ही वेळेला. एक मध्यम पोळी साधारण शंभर कॅलरीची, म्हणजे दिवसाला दोनशे गेल्या. त्या जागी भाजीची डबी बदलली. खरंच सांगते, माझ्या या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी खरेदी म्हणजे वजनकाटा नव्हे, ती मोठी डबी. पोळ्या चपट्या डबीत दोनच मावतात आणि भाजी मोठ्या डब्यात. चिरलेली पाव किलो भाजी दोन वेळेला मिळून, आणि एक मोठी काकडी किंवा गाजरं. झाले चारशे ग्रॅम.

पण भाजी दुप्पट केली की तेलही दुप्पट होतं, ही मेख कुणी सांगत नाही. मी बाटलीतून सरळ कढईत ओतायची. एकदा चमच्याने मोजलं तर दोघींच्या भाजीला (मी आणि रूममेट) चहाचे पाच चमचे निघाले. एका चमच्यात चाळीसच्या वर कॅलरी. त्याच २०२४ च्या सूचनांत अख्ख्या दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम आहे, म्हणजे असे साधारण सहा चमचे. आता दोन चमच्यांत फोडणी होते. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग भाजी, आणि कढईवर ताटली ठेवून ताटलीत पाणी. आजी करायची तसं. वाफेवर भाजी शिजते, लागत नाही. दोडका, घोसाळं, दुधी, कोबी यांना तर स्वतःचंच पाणी सुटतं. भेंडीला जमत नाही हे, ती चिकट होते. भेंडी मी सरळ रविवारी जरा जास्त तेलात करते आणि मजेत खाते.

ज्यांना भाजी दिसली की नाक मुरडायला होतं, त्यांच्यासाठी लपवाछपवीचा मार्ग आहे. पोह्यांत निम्मे पोहे, निम्मे मटार-गाजर-फरसबी. वरणात पालक किंवा लाल भोपळा. पिठल्यात मूठभर मेथी. थालीपिठात किसलेला दुधी किंवा कोबी, पण थालीपिठाच्या भोकांत किती तेल सोडताय ते तुमचं तुम्ही बघा. हॉटेलात मात्र नावावर जाऊ नका. 'व्हेज' लिहिलं म्हणजे भाजी असतेच असं नाही. व्हेज मंचुरियन ही भाजी नव्हे. उडप्याकडे एक जास्तीची वाटी सांबार मागा, त्यात निदान शेवग्याची शेंग सापडते.

'पण निवडायला वेळ कुणाला आहे?' हा प्रश्न येणारच. मुंबईच्या बायकांनी याचं उत्तर केव्हाच शोधलंय. सहा-पन्नासच्या लोकलला लेडीज डब्यात बघा, मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, मेथी निवडली जाते, आणि गप्पा चालूच. मला तेवढं कौशल्य नाही. मी दादरला स्टेशनबाहेर निवडलेल्या भाजीची पाकिटं घेते. घरच्या घरी अॅपवरूनही मागवता येतात, पण चिरलेली भाजी त्याच दिवशी संपवलेली बरी. पालेभाजी आणली की जुडी सोडून, कोरडी करून, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. आणि धुवायची चिरण्याआधी, नंतर नाही, नाहीतर पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही मोरीत.

सात महिन्यांत चार किलो उतरले. पाच नाही, चार. मैत्रिणीला तीन महिन्यांत आठ हवे होते, तिला हे फारच संथ वाटलं. परत तपासलं तेव्हा साखर ९८ आली. मी डॉक्टरांच्या केबिनमधून थेट आईला फोन लावला.

आई म्हणाली, 'बाबांना सांग की मग. माझं कुठे ऐकतात?'

तर गेल्या महिन्यात साताऱ्याला गेले आणि बाबांच्या ताटात बघितलं. तीन पोळ्या, आमटी-भात, आणि चमचाभर गवार. डायबेटिस झाल्यापासून साखर बंद, गोड बंद, पण ताट तेच. मी शेजारी वाटीभर काकडीची कोशिंबीर ठेवली. म्हणाले, 'अगं, मी काय गाय आहे का?' मग आम्ही दोघं त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, कारण इन्सुलिन घेणाऱ्याने पोळी-भात मनाने कमी केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमच्याही घरी कुणी इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल तर आधी विचारा, मग ताट बदला. किडनीचा त्रास असेल तर कुठल्या भाज्या चालतील तेही. डॉक्टरांनी एक पोळी कमी केली, डोस बदलून दिला आणि घरी मोजायला सांगितलं.

इन्सुलिन सुटलेलं नाही. ते सुटेल असं कुणी म्हणालंही नाही. परवा आईचा फोन आला होता. बाबा आठवड्याच्या बाजारातून स्वतः पडवळ घेऊन आले आणि आईला विचारत होते, याची कोशिंबीर कशी करतात ते पोरीला विचार.

बारीक चिरायचं, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, पिळून घ्यायचं. दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून हिंगाची छोटी फोडणी. कूट एक चमचा.