साहाय्यकपदाची शिडी

1972 मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा झाला, तेव्हा तेथील महाविद्यालयांच्या महिला संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यानंतर खेळाडू वाढल्या, वेतन वाढले आणि मुख्यपदांवर पुरुष आले. आज स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण तेथे निम्म्याहून कमी आहे. खेळण्याची संधी मिळणे आणि अधिकार हाती येणे, या भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडे गोव्याच्या मेमोल रॉकी साहाय्यकपदावरून 2017 मध्ये राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. हा मार्ग अपवाद ठरू नये. विद्यापीठांनी साहाय्यक प्रशिक्षकाचे नियमित पद निर्माण करावे, परवाना-अभ्यासक्रमाचा खर्च उचलावा आणि मुख्यपदाच्या निवडीत त्या अनुभवाला वजन द्यावे. आस्थापनेत पदच नसेल, तर गुणवत्ता ताटकळत निवृत्त होते.