डिस्कला दोष देऊ नका!

आजोबांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग मामाच्या मोबाइलमध्ये होतं. आजोबा गेल्यावर आजी म्हणाली, "मला ते टीव्हीवर बघायचंय गं. आपल्या डीव्हीडी प्लेअरवर लागेल असं करून दे." मोबाइलवर तिला चेहरे नीट दिसत नाहीत. मी म्हटलं, "आजी, दहा मिनिटांचं काम!" शेवटी इंजिनिअरिंगला आहे ना मी!

हल्ली लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, म्हणून मैत्रिणीकडून यूएसबीवाला रायटर मागून आणला. दहा मिनिटांचे तीन दिवस झाले आणि पाच डिस्क वाया गेल्या.

पहिल्या डिस्कवर एमपीफोर फाइल तशीच टाकली. जुन्या प्लेअरने ती ओळखलीच नाही. दुसरी कन्व्हर्ट करून मारली, तर आजोबांचे ओठ पुढे आणि आवाज मागे! तिसरी अर्ध्यावर अडकली. मग वैतागून सॉफ्टवेअर, स्पीड, डिस्कची कंपनी सगळंच एकदम बदललं. चौथी आणि पाचवीही बिघडली, पण का बिघडली तेच कळेना.

आमच्या लॅबमधल्या काकांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "बाळ, एका वेळी किती गोष्टी बदलतेस?"

मी गप्प! मग शांतपणे बसून वाचलं. साध्या प्लेअरला एमपेग-टू व्हिडिओ लागतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ चं चित्र आणि सेकंदाला बरोबर २५ फ्रेम्स. आवाज ४८ किलोहर्ट्झ. मोबाइलचा कॅमेरा मात्र उजेड कमी झाला की फ्रेम्सही कमी करू शकतो. म्हणून आधी फ्रेम रेट एकसारखा करून घेतला, आणि आवाज जागेवर आला. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर आवाजासकट सेकंदाला साधारण ५ मेगाबिटच मिळतात, हा हिशेबही आधी केला. मग थेट डिस्क न मारता इमेज फाइल बनवून ती कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत पाहिली. फाइल ठीक आहे म्हटल्यावर फक्त स्पीड कमी केला, बाकी कशाला हात लावला नाही. सहावी डिस्क लागली!

मित्रहो, माझं म्हणणं डीव्हीडीपुरतं नाही. प्रॅक्टिकलला आपण काय करतो? आउटपुट आलं नाही की सगळ्या वायर्स उपटतो, आयसी बदलतो, आणि नशिबाने रीडिंग आलं की जर्नल भरून मोकळे! चूक कुठे होती हे विचारतो कोण? आउटपुट आलं म्हणजे आपल्याला समजलं असं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय झालं ते लिहून ठेवा, मग पुढे जा. वेळ जास्त लागतो असं वाटतं, पण माझ्या पाच डिस्क विचारा! आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. ती दोन ठिकाणी होती म्हणून मला पाच वेळा चुकता आलं.

आजीने डिस्क लावली. आजोबा केक कापताना हसले आणि हसू बरोबर ओठांवर आलं. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "परत लाव."