पाटणचा मठ आणि आपला वर्ग

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. चाळीसगावजवळ पाटणला सापडलेला, इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख तसे सांगतो.

२०१० साली हैदराबादला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली. तेथे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या नावाचा पुरस्कार प्रथमच दिला गेला. नवे प्रमेय शोधण्यासाठी नव्हे, तर गणित लोकांपर्यंत नेण्यासाठी तो असतो. म्हणजे समजावून सांगणे हेही गणिताचेच काम!

आपण मात्र बरेचदा गुणांपाशीच थांबतो. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास मुलांनीच मुलांना एखादे उदाहरण उलगडून दाखवावे. गुरुजींनी नुसते ऐकावे. मठ याहून वेगळा काय असतो? करून पाहा!