आधी बिल शोधा, मग मिस्त्रीला बोलवा

पावसाळ्यात माळव्याचं आभाळ एकदा भरून आलं की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओसरीतल्या दोरीवरचे कपडे कुबट होतात. मुलांचे गणवेश सकाळी ओलेच हाती लागतात. आणि ड्रायर नेमका तेव्हाच बंद पडतो.

मी बोलतोय ते सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरबद्दल, धुण्याच्या टबाशेजारच्या छोट्या टबाबद्दल. देपालपूर काय, बेटमा काय, आपल्या बहुतेक घरांत तोच आहे.

तो अडला की आपण गल्लीतल्या ओळखीच्या मिस्त्रीला हाक मारतो. तो येतो, मागचा पत्रा खोलतो, काम करून जातो. मिस्त्री हुशार असतो, त्यात वाद नाही. पण मशीन वॉरंटीत असेल तर त्या एका खोलण्यानं कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. अधिकृत माणसाखेरीज कोणी मशीन खोललं तर वॉरंटी संपली, असं बहुतेक कार्डांवर छापलेलंच असतं. म्हणून बिल सापडेपर्यंत स्क्रूला कोणाचाही हात लागू देऊ नका.

तोवर वरवरची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. पहिल्यांदा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग ड्रायरमधले कपडे काढा. एखादा मोजा किंवा रुमाल टबाच्या कडेनं खाली सरकून अडकलाय का ते बघा. हे फार वेळा होतं. कपडे पुन्हा सारखे पसरून भरा आणि त्यांच्यावर ती आतली प्लास्टिकची चकती दाबून बसवा. एका बाजूला जड चादर आणि दुसरीकडे दोन बनियनं असली की टब धडधडतो.

वरचं झाकण नीट बसतंय का ते पाहा. झाकण उघडं असेल तर ड्रायर फिरत नाही. ती सोय तुमच्या हातासाठीच आहे. झाकणाच्या स्विचला काडी खुपसून टब उघडा फिरवणारे लोक असतात. घरात मूल असेल तर हा उद्योग चुकूनही करू नका. टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नका.

आता प्लग लावून आवाज ऐका. काहीच आवाज नसेल तर आधी त्याच सॉकेटवर दुसरं काही चालतंय का ते बघा. सॉकेट ठीक असेल तर दोष टायमरमध्ये, झाकणाच्या स्विचमध्ये किंवा वायरमध्ये असू शकतो. नुसती गूं-गूं येते पण टब फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर गेलाय किंवा ब्रेकची तार तुटल्यानं ब्रेक सुटत नाहीये. असं असताना मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मोटर तापून जळते आणि थोडक्यातलं काम महागात पडतं. कंडेन्सरला स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. मशीनला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर मशीन बंद ठेवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. हे काम मात्र उद्यावर टाकू नका.

आता कागद. पक्कं बिल काढा. वॉरंटी कार्ड काढा. मशीनच्या मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळतोय का ते बघा. तिन्हींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते. दुकानदार ‘बिल कशाला, टॅक्स वाचेल’ म्हणाला तर हसून पक्कं बिल मागा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. मशीन नवीनच असेल आणि सदोष निघालं असेल, तर त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही अनुचितच आहे.

कार्डाची पुढची बाजू दुकानात सगळे वाचतात. तुम्ही मागची वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘मोटरवर ५ वर्षे’ असतं. त्याचा अर्थ मोटर बिघडली तर मोटर मिळेल, एवढाच. कंडेन्सर, तार, टायमर त्यात येत नाहीत. बसवायची मजुरीही बरेचदा वेगळी पडते. मशीनला मोटरी दोन असतात आणि काही कार्डांवर फक्त धुण्याच्या मोटरचं नाव असतं. मग ड्रायरची मोटर गेली की तुम्ही भांडत बसता आणि कार्ड त्यांच्या बाजूनं बोलतं.

देपालपूरकरांनी आणखी एक ओळ शोधावी. सर्व्हिस सेंटर इंदूरला असतं. शहराच्या हद्दीबाहेर माणूस पाठवायचा तर जाण्यायेण्याचा खर्च ग्राहकाचा, असं काही कार्डांवर लिहिलेलं असतं. फोनवरच विचारा, ‘वॉरंटीत आहे, तरी किती घ्याल?’ आकडा मेसेजवर मागा.

उंदरानं वायर कुरतडली तर वॉरंटी सहसा लागू होत नाही. घरात सोयाबीनची पोती रचलेली असतील तर उंदीर आलेच. मशीनच्या खालच्या उघड्या भागाला जाळी लावून घ्या. व्होल्टेजनं जळालं तरी हेच उत्तर मिळतं. संध्याकाळी पंखा मंदावत असेल, दिवे लुकलुकत असतील तर वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार करून नंबर लिहून ठेवा.

कंपनीचा फोन नंबर कार्डावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून जो पहिला दिसेल तो लावू नका. तिथे खोट्या सर्व्हिस सेंटरचे नंबर पेरलेले असतात. ‘दहा रुपये भरून नोंदणी करा’, ‘हे ॲप टाका’, ‘ओटीपी सांगा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला कळवा. कार्ड हरवलं असेल तर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर कंपन्यांची माहिती मिळते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बघायला सांगा.

कंपनीचा माणूस आला की जॉब शीट मागा. काय बिघडलं, काय बदललं, पैसे का घेतले, सगळं त्यावर हवं. ‘वॉरंटीत बसत नाही’ असं म्हणाला तर कारण लिहून मागा. तोंडी नकार पुढे सिद्ध करता येत नाही. आणि बदललेला जुना पार्ट डोळ्यांनी बघा.

वॉरंटी संपली असेल तर आपला मिस्त्रीच बरा. कंडेन्सर, ब्रेकची तार, बुडाचं रबरी सील ही स्वस्तातली कामं आहेत. ड्रायरखाली पाणी ठिबकत असेल तर सील लवकर बदला, कारण ते पाणी थेट मोटरवर पडतं. मोटरच बदलायची म्हणाला तर दुसऱ्याचं मत घ्या. मशीन आठ-दहा वर्षांचं असेल तर त्यात मोठा पैसा घालू नये, असं मला वाटतं.

गरम हवेनं कपडे सुकवणारं मशीन कोणाकडे असेल, किंवा मुलं परदेशात ते वापरत असतील, तर त्यातली जाळी दर वेळी साफ करायला सांगा. साचलेले कपड्यांचे तंतू पेट घेतात. ब्रिटनमध्ये २०१९ साली व्हर्लपूलला आगीच्या धोक्यामुळेच लाखो ड्रायर परत मागवावे लागले होते.

वॉरंटी असूनही कंपनी टोलवत राहिली तर काय? आधी ईमेलनं किंवा स्पीड पोस्टानं लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. हिंदीत बोला, मराठीत बोला. मात्र हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही. निकाल हवा तर इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही सवलत २०१९ च्या कायद्यानं दिली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही. वकील लागलाच पाहिजे असं नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून मोजतात, तुम्हाला सवड मिळाल्यापासून नाही. बिल, कार्ड, जॉब शीट, पाठवलेलं पत्र आणि त्याची पोचपावती एका पिशवीत घालून ठेवा. पिशवी कुठे ठेवलीय ते घरातल्या दुसऱ्या कोणालातरी सांगा.