न येणारा कोयोट

चावडीवर संध्याकाळीं बसलें असतां अलीकडे एक बोलणें वारंवार कानीं येतें. गांवांतील तरुण मंडळी मोबाइलवर अमेरिकेंतील शिकाऱ्यांचीं चलच्चित्रें पाहतात. त्यांत शिकारी झुडपांत दडून बसतो, सांपडलेल्या सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढतो, आणि चार-पांच मिनिटांत कोयोट नांवाचें जनावर धांवत येऊन बंदुकीच्या टप्प्यांत उभें राहतें. तें पाहून हीं मंडळी म्हणतात कीं, आपल्या भुईमुगांत व उसांत शिरणाऱ्या कोल्ह्यांसही असेंच बोलवावें म्हणजे पीडा टळेल. या म्हणण्यांत दोन चुका आहेत. एक कायद्याची, तिच्याकडे मी मागाहून येतों. दुसरी अशी कीं, जो कोयोट येतो तोच चित्रांत दाखवितात. जो येत नाहीं तो दाखवीत नाहींत. आणि मेंढपाळाचें नुकसान करतो तो बहुधा हा न येणाराच असतो.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झाला असून शिकारीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. परंतु सन २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत टेक्सास संस्थानांत भाच्याकडे राहण्याचा योग आला. सॅन अँजेलो शहराच्या आसपासचा तो मुलूख मेंढ्या व शेळ्या यांकरितां पूर्वापार प्रसिद्ध आहे. भाच्याच्या ओळखीचे एक वृद्ध मेंढपाळ तेथें राहतात. त्यांची जमीन आपल्याकडील दोन गांवांच्या शिवाराएवढी, आणि राबणारीं माणसें अवघीं तीन. तें पाहून मला आपल्याकडील हिस्सेवाटण्या व फाळणीबारा आठवला. असो.

कोयोट हा कोल्हा नव्हे आणि लांडगाही नव्हे. दोहोंच्या मधला समजावा. वजन साधारणतः १० ते १६ किलो. सन १८२३ मध्यें त्यास जें शास्त्रीय नांव मिळालें त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा आहे. एके काळीं त्याचा वास मुख्यत्वेंकरून पश्चिमेकडील गवताळ मुलखांत असे. वसाहतवाल्यांनीं लांडगे जवळजवळ निपटून काढले, जंगलें तोडलीं, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत हा शिरला. आज तो न्यूयॉर्कसारख्या शहरांतही आढळतो. १९१५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारनें अशा हिंस्र जनावरांच्या बंदोबस्तावर पैसा खर्चण्यास आरंभ केला, १९३१ सालीं त्याकरितां खास कायदा केला. विष, सांपळे, बंदुका, पुढें विमानेंसुद्धां वापरलीं. अलीकडेही सरकारी माणसांच्या हातून वर्षास सुमारें ६० हजार कोयोट मारले गेले आहेत. इतकें करूनही जनावर हटलेलें नाहीं.

आवाज देण्याची विद्या वरवर सोपी दिसते. लहानशा नळींत पातळ पट्टी बसविलेली असते. तींत फुंकलें म्हणजे ससा सांपडल्यासारखा आवाज निघतो. आतां तर ध्वनिमुद्रित केलेले शेंकडों आवाज एका पेटींत मिळतात व दुरून कळ दाबून वाजवितां येतात. येथेंच घोटाळा झाला आहे. सुटीच्या दिवशीं शहरांतून हौशी लोक येतात, गाडी अगदीं कुरणाच्या तोंडाशीं लावतात, दार आपटतात, आणि वाऱ्याकडे न पाहतां पेटी सुरू करतात. कोयोट बहुधा सरळ येत नाहीं. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखालच्या अंगास जातो आणि नाकानें खात्री करून घेतो. तेथें त्यास सशाऐवजीं मनुष्याचा वास येतो, किंवा नेम चुकलेली गोळी कानाजवळून जाते. वर्षभराचें अजाण जनावर असेल तर तें मरतें. जें वांचतें तें पुन्हां सशाच्या किंकाळीस सहसा फसत नाहीं. त्या वृद्ध गृहस्थांचा राग कोयोटपेक्षां या पाहुण्यांवरच अधिक होता.

त्यांच्या एका कुरणांत मार्चपासून कोंकरें मरत होतीं. दर दोन-तीन दिवसांनीं एक. मला त्यांनीं एक मेलेलें कोंकरूं दाखविलें. गळ्यावर, जबड्याच्या मागें दांतांच्या खुणा होत्या. कातडें सोलल्यावर आंत रक्त साकळलेलें दिसलें. आणि खाण्यास आरंभ बरगड्यांच्या मागून, कुशींतून झाला होता. कातड्याखालीं रक्त साकळलेलें असेल तर जनावर जिवंत असतां चावा बसला असें समजावें. तसें नसेल तर तें आधींच मेलें होतें व कोयोटनें आयतें खाल्लें. एवढी खात्री झाल्यावरही त्यांनीं लगेच बंदूक काढली नाहीं. चार दिवस संध्याकाळीं ते टेकाडावर जाऊन नुसते बसले, तोंडानें एक लांब हाळी दिली आणि उत्तर ऐकलें. दोन कोयोट ओरडले तरी दहा असल्याचा भास होतो. मला तर टोळीच आली असें वाटलें. ते म्हणाले, दोघेच आहेत, नर व मादी, आणि रोज ओढ्याच्या त्याच वळणावरून ओरडतात, म्हणजे पिलें तेथें आहेत. पुढें एकदां केवळ मला दाखविण्याकरितां त्यांनीं सशाचा आवाज दिला. मादी आली, पण चारशें पावलांवर झुडपाच्या कडेस उभी राहिली, तीन वेळां भुंकली, आणि चालती झाली. “हिला कोणीतरी शिकविलें आहे,” एवढेंच ते बोलले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यांत एके पहांटे आम्ही गेलों. गाडी पाऊण मैलावर खळग्यांत ठेवली. वारा ओढ्याकडून आमच्या तोंडावर येत होता. जनावर वळसा घालील तें आमच्या पाठीमागें, हें ओळखून त्यांचा मुलगा तिकडे दीडशें पावलांवर बंदूक घेऊन बसला. आम्ही टेकाडाच्या माथ्यावर न बसतां उतारावर झाडाच्या काळोखांत बसलों, नाहींतर आकाशापुढें मनुष्याची आकृति उठून दिसते. अर्धा तास हालचाल नाहीं. मग परक्या कोयोटची एकच हाळी, आणि थोड्या वेळानें पिलाचें केंकाटणें, तेंही हळू व मोजून तीन वेळां. सशाचा आवाज मुळींच नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, शहाण्या जनावरास भुकेनें बोलावूं नये, हद्दीच्या अभिमानानें किंवा पिलाच्या मायेनें बोलवावें. आणि एकदां बोलावल्यावर गप्प बसावें. मला गप्प बसणेंच सर्वांत जड गेलें. अठराव्या मिनिटास मागून बंदूक वाजली. नर होता. मादी त्या दिवशीं आलीच नाहीं. पांच दिवसांनीं शिकविलेला कुत्रा पुढें सोडला, त्याला हद्दींतून हुसकावून लावण्यास ती धांवली, तेव्हां मिळाली. पिलांचें काय, असें मीं विचारलें. तीं उपाशी मरूं नयेत म्हणून बिळांतून काढून मारलीं, असें उत्तर मिळालें. मला तें त्या वेळीं रुचलें नाहीं व आजही रुचत नाहीं. तथापि मी तेथें असेपर्यंत त्या कुरणांत पुन्हां कोंकरूं मेलें नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे.

माझें म्हणणें या दोन जनावरांपुरतेंच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉपलँड येथील क्षेत्रावर १९९० नंतरच्या दशकांत कोयोटांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधून पाहणी झाली. तींत कोंकरें मारणारीं जनावरें म्हणजे मुख्यतः हद्द धरून राहणारीं, वीण घालणारीं जोडपीं असें ठरलें. भटकीं तरणीं जनावरें, जीं शिट्टीला सहज येतात, तीं या बाबतींत बहुतांशीं निरपराधी. म्हणजे सुटीचा हौशी शिकारी बिनगुन्हेगारास मारतो आणि गुन्हेगारास शहाणें करून सोडतो. संख्या घटवून पीडा जाईल म्हणावें, तर त्याच विद्यापीठांतील दोघा संशोधकांनीं १९७५ सालीं मांडलेला हिशेब असा कीं, दरवर्षीं शेंकडा ७५ कोयोट मारले तरी वंश निपटण्यास ५० वर्षांहून अधिक लागतील. कारण संख्या घटली म्हणजे उरलेल्यांस खावयास मुबलक मिळतें व पिलें जास्त जगतात. ज्या जोडप्यानें कोंकरास तोंड लावलेलें नाहीं तें आपल्या हद्दींत राहूं द्यावें, परक्यांस तेंच बाहेर ठेवतें, हें त्या मेंढपाळांचें मत मला पटलें.

आतां आपल्याकडे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यास सन २०२२ मध्यें जी दुरुस्ती झाली तिनें कोल्हा पहिल्या अनुसूचींत घातला आहे. त्यास मारणें तर सोडाच, सांपळा लावणें किंवा आमिष दाखविणें हेंही कायद्याच्या भाषेंत शिकारच होय. तेव्हां पेटी व बंदुकीचा विषय येथेंच संपला. पण त्या मेंढपाळांनीं पहिल्या प्रथम जें केलें, म्हणजे मेलेलें जनावर नीट पाहिलें, त्यास कोणताही कायदा आड येत नाहीं. आणि आपण नेमकें तेंच करीत नाहीं.

हें मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितों. सन १९९८ मध्यें एका तालुक्यांत नोकरीस असतां एका धनगराचीं सात मेंढरें एका रात्रींत मेलीं. पंच म्हणाले कोल्ह्यांनीं मारलीं, आणि मीं पंचांच्या तोंडून ऐकून तसें लिहिलें. मेंढरांच्या मागच्या पायांचीं व कानांचीं लक्तरें झालीं होतीं, चावे अंगभर होते, आणि एकही धड खाल्लेलें नव्हतें. तें मोकाट कुत्र्यांचें काम होतें, हें मला आज कळतें. भरपाई वन्यप्राण्याबद्दल मिळते, कुत्र्याबद्दल नाहीं, म्हणून पंचांचा कल कोणीकडे असतो हें निराळें सांगावयास नको. गांवकऱ्यांनीं ओढ्यांतील कोल्ह्यांचीं बिळें धूर करून बुजविलीं. कुत्रीं गांवांतच फिरत राहिलीं. महिन्याभरानें त्याच वाड्यावर आणखी अकरा मेंढरें मेलीं. धनगरानें उरलेलीं विकून टाकलीं व तो ऊसतोडीस गेला. त्या कागदावर माझें अक्षर आहे.

तरी वाचकांपैकीं ज्यांचें मेंढरूं वा शेळी अशी मरेल त्यांनीं ती ओढून उकिरड्यावर टाकूं नये. जागच्या जागीं झांकून ठेवावी, पंचनाम्याच्या वेळीं गळ्यावरचें कातडें सोलवून आंत रक्त साकळलें आहे काय तें पाहावें, आणि चावे कोठें व किती, खाण्यास कोठून आरंभ झाला, हें शब्दशः लिहवून घ्यावें. कोणाचें नांव घालावयाचें तें नंतर.

शेवटीं एक विचारणा. त्या मेंढपाळांनीं मे महिना सरण्यापूर्वींच पिरेनीज जातीचीं दोन पांढरीं पिलें आणून कोंकरांच्या कोंडवाड्यांत ठेवलीं. तीं मेंढ्यांतच वाढतात, त्यांनाच आपलें कुटुंब समजतात, आणि मोठीं झाल्यावर रात्रभर राखण करतात. १९७० नंतरच्या दशकांत तिकडे या रीतीचे पद्धतशीर प्रयोग झाले. आपल्या धनगरांचीं कुत्रीं राखणींत कमी नाहींत, पण तीं बहुधा माणसांच्या सोबतीनें वाढतात. देशी पिलूं डोळे उघडल्यापासून कोंकरांत वाढविण्याचा प्रयोग आपल्या सभासदांपैकीं कोणीं केला असल्यास त्यांनीं पिलाची जात, खाण्याचा खर्च व आलेला अनुभव संपादकांकडे लिहून कळवावा.