गुडघा दुखतो? आधी सायकल तपासा

गेल्या महिन्यात नववीतला एक मुलगा दवाखान्यात आला. गुडघा वाटीपाशी दुखतो, ही तक्रार. सूज नाही, मार नाही. मी सायकल पाहायला मागितली. मागे-पुढे शॉकअप, जाड टायर, सगळे झकपक. सीट मात्र पार खाली. मागची स्प्रिंग इतकी सैल, की तो बसताच मागचा भाग दबून सीटचे टोक वर येई. मी गोळ्यांऐवजी पाना मागवला.

वाचकहो, आधी स्प्रिंग पाहावी. मूल बसल्यावर मागचा शॉकअप त्याच्या पूर्ण दाबाच्या साधारण पाव भाग दबावा. जास्त दबला तर स्प्रिंगवरची चकती फिरवून घट्ट करावी. फार घट्टही नको, नाहीतर खड्ड्यांचे हादरे कमरेला बसतात. मग सीट सपाट करून उंची ठरवावी. टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. चवड्याने चालवताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीट खाली असली तर गुडघा बहुधा पुढून दुखतो, फार वर असली तर मागून.

‘वाढते अंग आहे’ म्हणून मोठी सायकल घेणे मला पटत नाही. सदरा सैल चालतो, सायकल नाही. विकतानाच मुलाला बसवून माप घेणे हे दुकानदाराचेही काम आहे.

त्या मुलाचे दुखणे तीन आठवड्यांत थांबले. मात्र सूज, ताप किंवा रात्री ठणका असेल तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.