संगणक मी वापरणार, तर यादीही मीच करणार



दिवाळीनंतर आमच्याकडे नवा संगणक आला. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण तो घरी येईपर्यंत तीन आठवडे मी जे काही ऐकलं, त्यावरून हा विषय तुमच्याशी बोलायचाच असं ठरवलं.

"आई, तुला त्यातलं काही कळत नाही, मी इथून ऑर्डर करून टाकतो," हे बेंगळुरूहून मुलाचं पहिलं वाक्य. "आता या वयात संगणक कशाला? मोबाइलवर सगळं होतंय की," हे ह्यांचं. आणि पहिल्या दुकानातला माणूस तर माझ्याशी बोललाच नाही. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं तो ह्यांच्याकडे बघून देत होता. ह्यांनी आजवर माउसला हात लावलेला नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

मला संगणकातलं कळत नाही, हे खरंच आहे. पण मी संगणकावर काय काम करते, हे घरात माझ्याशिवाय कोणालाच कळत नाही, हेही तितकंच खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की खरेदीची सुरुवात या दुसऱ्या गोष्टीपासून व्हायला हवी. आपण मात्र पहिल्या गोष्टीला लाजतो आणि सगळा निर्णय दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळ्या होतो.

मी १९८२ सालची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण हिशेब कधी सुटला नाही. आमच्या महिला मंडळाची बारा वर्षं खजिनदार आहे. वर्गणी, पाठशाळेच्या मुलांची बक्षिसं, दशलक्षण पर्वातलं दान, सगळ्याच्या पावत्या आणि जमाखर्च माझ्या संगणकात. हे पैसे बायकांनी घरखर्चातून वाचवून दिलेले असतात. माझ्या संगणकाचं काही बिघडलं, तर शंभरेक घरांचा हिशेब अडकतो. म्हणून मला ही वस्तू टीव्ही किंवा मिक्सरसारखी "कुठलाही चालेल" म्हणून घ्यायची नव्हती.

शिवाय मी एकदा पोळलेली आहे. २०१४ मध्ये आमच्या पुतण्याने पहिला संगणक निवडून दिला. प्रेमाने दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात त्याच्या आवडीचं सगळं होतं. खेळ खेळण्यासाठी वेगळं महागडं कार्ड होतं, मोठे स्पीकर होते. मी त्यातला एकही खेळ कधी खेळले नाही. हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची असते, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. २०२१ मध्ये हार्ड डिस्क बंद पडली. मंडळाचे हिशेब छापून ठेवलेले होते, म्हणून वाचले. सासूबाईंनी सांगितलेल्या आणि मी एकेक करून टाइप केलेल्या ऐंशी-नव्वद पाककृती मात्र गेल्या. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या, मग परत विचारायचं कोणाला? चातुर्मासात हिरव्या भाजीशिवाय कायकाय करायचं, त्याची सगळी यादी त्यांच्याबरोबरच गेली.

त्या वेळी दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि तोच जुना संगणक तरुण झाल्यासारखा पळू लागला. म्हणून पहिला सल्ला हा, की नवा घेण्याआधी जुना दुरुस्त होतो का ते विचारा. संगणक हळू चालतो म्हणजे तो मेला असं नाही. साधारण २०१८ नंतरचा असेल, तर एसएसडी आणि थोडी जास्त रॅम टाकून तो आणखी काही वर्षं सुखाने चालू शकतो.

माझा मात्र त्या पलीकडे गेला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षिततेची जी दुरुस्ती दर महिन्याला आपोआप येत असते, ती येईनाशी होते. घराचं कुलूप तेच, पण बिघडलं तर किल्लीवाला यायचा बंद झाला, असं समजा. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, पण ती तेवढ्यापुरतीच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. माझ्या २०१४ च्या संगणकात दोन्ही नव्हतं. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब आणि बँकेचं काम असल्या यंत्रावर करणं मला पटेना.

मग मी कागद घेतला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे लिहिलं, मी संगणकावर काय करते. एक, एक्सेलमध्ये हिशेब. दोन, मराठीत अहवाल आणि पत्रं. तीन, बँकेचे उतारे बघणं. चार, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. पाच, ऑनलाइन प्रवचन आणि स्वाध्याय. सहा, पावत्या छापणं. बाजूला दुसरा रकाना केला, मी काय करत नाही. खेळ नाहीत, व्हिडिओ जोडणं-कापणं नाही, संगणक घेऊन कुठे प्रवास नाही.

तो कागद बघितल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटले. मुलगा पंच्याऐंशी हजारांचा लॅपटॉप सुचवत होता. पण मी तर संगणक टेबलावरून हलवतच नाही. लॅपटॉपची छोटी स्क्रीन, मान खाली घालून बसणं, हे मानेला आणि डोळ्यांना परवडणारं नाही. ज्यांना मुलांकडे येऊन-जाऊन राहायचं असतं, त्यांनी लॅपटॉपच घ्यावा. त्यांची यादी वेगळी आहे.

आता ते अवघड शब्द. मुलीने मला स्वयंपाकघरातून समजावले, तसेच तुम्हाला सांगते. प्रोसेसर म्हणजे शेगडी. रॅम म्हणजे ओटा. ओटा जितका मोठा, तितकी भांडी एका वेळी मांडून काम करता येतं. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, जिथे सगळं साठवून ठेवतो. चौघांच्या घरात लग्नाची भट्टी कोणी लावत नाही, पण ओटा अगदीच वीतभर असला तर जीव मेटाकुटीला येतो. माझ्या कामांना साधा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरते. रॅम ८ च्या खाली घेऊ नका. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं म्हणतात, पण एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एकदम उघडले की रडतं. रॅम पुढे वाढवता येईल का, हे मात्र घेतानाच विचारा. काही लॅपटॉपमध्ये ती कायमची चिकटवलेली असते.

मी शेवटी मिनी पीसी घेतला, म्हणजे आपल्या जेवणाच्या डब्याएवढी पेटी. नवा संगणक म्हटलं की सगळंच नवं घ्यायला हवं असं नाही, हे मला तेव्हाच कळलं. माझा कीबोर्ड चांगला होता, तो ठेवला. यूपीएसची फक्त बॅटरी बदलली. प्रिंटरचा मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून नेला आणि तो विंडोज ११ वर चालतो का, हे दुकानात बघून घेतलं. गरजेपुरतं घ्यावं, हे आपण परिग्रह परिमाणाचं व्रत म्हणून लहानपणापासून ऐकतो. साड्या आणि दागिने मोजताना ते आठवतं, मग यंत्र घेताना का विसरावं?

पैसे मी एकाच जागी सैल सोडले. मॉनिटर चोवीस इंची घेतला. दोन वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि एक्सेलचे बारीक रकाने बघून संध्याकाळी डोळे चुरचुरतात. मुलगा फोनवर प्रोसेसरबद्दल बोलत राहिला, स्क्रीनबद्दल एक शब्द नाही. त्याची चूक नाही, त्याचे डोळे चाळिशीतले आहेत. पण बघायचं तर मला आहे! सगळं मिळून पंचेचाळीस हजारांच्या आत बसलं.

दुसऱ्या दुकानात मी एकटीच गेले, कागद घेऊन. तिथला मुलगा "बसा काकू" म्हणाला आणि त्याने यादी वाचली. मी हे पाच प्रश्न विचारले, तुम्हीही विचारा.

विंडोज मूळ परवान्याचं आहे का, आणि ते बिलावर लिहून देणार का? जोडून दिलेल्या स्वस्त संगणकात बरेचदा "विंडोज टाकून देतो" म्हणतात. ते चोरीचं असू शकतं. अचौर्य तर आहेच, शिवाय असल्या प्रतीबरोबर काय काय घरात शिरेल याचा भरवसा नाही.

ऑफिस कायमचं आहे की दरवर्षी पैसे भरायचे? पहिल्या वर्षी फुकट आणि पुढे दरसाल वर्गणी, असंही असतं. पैसे द्यायचे नसतील तर लिब्रेऑफिस हा मोफत पर्याय आहे, साध्या जमाखर्चाला तो छान चालतो.

वॉरंटी किती वर्षांची, आणि बिघडल्यास माणूस घरी येणार की पेटी उचलून आपण न्यायची?

जुन्यातलं सगळं नव्यात कोण भरून देणार? त्याचे वेगळे पैसे किती? इथे एक सांगते. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले कागद नव्या संगणकात अगम्य चिन्हांसारखे दिसू शकतात, म्हणून दुकानातच एक फाइल उघडून बघा. आता विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटतं. वेगळं काही विकत घ्यायला नको.

आणि यात काय काय नको आहे? हा प्रश्न ऐकून तो मुलगा हसला. बिलातून त्याने एक अँटिव्हायरस आणि एक स्पीकरचा जोड कमी केला. विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतंच, घरगुती वापराला ते चालू ठेवलं आणि वेळच्या वेळी अपडेट केलं तर पुरतं.

उरलेल्या पैशांतून बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेतली. दर रविवारी सकाळी हिशेबाची प्रत तिच्यात घालते आणि ती काढून देवघराच्या कपाटात ठेवते. सतत जोडून ठेवली तर उपयोग नाही, एकाच वेळी दोन्ही बिघडायचं. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून साडेपाचला दुकानातून निघाले, तेव्हा सगळे व्यवहार संपलेले होते आणि माझ्या डोक्यात एकही शंका नव्हती.

एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, तरी सांगते. गेल्या वर्षी जुन्या संगणकावर अचानक लाल पडदा आला, भोंगा वाजायला लागला आणि "तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" असं दिसू लागलं. मी फोन हातात घेऊन सहा आकडे दाबलेसुद्धा. तेवढ्यात मुलीचाच फोन आला म्हणून वाचले. ती म्हणाली, "आई, वायर काढ." मायक्रोसॉफ्ट असा फोन नंबर पडद्यावर कधीच देत नाही. तो नंबर चोराचाच. कितीही चांगला संगणक घेतला तरी हे माहीत हवं. आणि कोणाचे पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी तोच सरकारी क्रमांक आहे.

राहिला जुना संगणक. त्यातली डिस्क काढून घेतली, कारण तिच्यात मंडळाच्या सभासदांचे पत्ते आणि बँकेचे कागद होते. बाकीचा भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिला. तारा उघड्यावर जाळून तांबं काढतात, तो धूर कोणाच्या तरी पोरांच्या छातीत जातो. आपण पाणी गाळून पिणारी माणसं, एवढं तरी बघायला हवं.

मुलांना विचारू नका, असं मी म्हणत नाही. मीही मुलीला पंचवीस वेळा फोन केला. पण विचारणं वेगळं आणि सोपवणं वेगळं. चाळीस वर्षं आपण घरासाठी धान्य निवडलं, भांडी निवडली, सोनं पारखून घेतलं. कुठल्या सोनाराकडे आपण "तुम्हीच काय ते द्या" म्हणून बसलो? संगणकाच्या दुकानातच आपली जीभ का अडखळावी?

घ्यायचा विचार असेल तर आज दुपारी कागद घेऊन बसा. कोणाला फोन करण्याआधी दोन रकाने भरा, मी काय करते आणि मी काय करत नाही. आणि हो, पाककृती मी पुन्हा लिहायला घेतल्यात. नणंदबाईंना आठवतं तेवढं त्या फोनवर सांगतात आणि मी टाइप करते. आतापर्यंत सतरा झाल्या, दोन ठिकाणी जपून ठेवल्यात.